डिस्कांना हळद-कुंकू

घरात कुणाचंही काहीही बिघडलं की ते माझ्यापुढे आणून ठेवतात. कारण काय, तर मी गणिताचा मास्तर आणि शाळेतल्या कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते. आता किल्ली असणं वेगळं आणि अक्कल असणं वेगळं, हे मी घरात कित्येक वर्षं सांगतोय. पण पालथ्या घड्यावर पाणी. बायको म्हणते, "मिक्सर तर तुम्हाला जमला नाही, निदान हे तरी बघा." म्हणजे अपमानही करायचा आणि कामही सांगायचं.

त्यामुळे दसरा झाल्यावर वहिनी वरून एक काळा डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून खाली आल्या आणि त्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवला, तेव्हा मी तो ठेवून घेतला. मला त्या दिवसांत नाही म्हणायचाही कंटाळा आला होता.

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. सुरतेत डिंडोलीला आमचं दोन मजली घर आहे, वर ते राहतात, खाली आम्ही. 'ते' म्हणायची सवय अजून मोडलेली नाही. भाऊ मागच्या लग्नसराईत गेला. सकाळी शूटिंग आटोपून आला, जिन्यातच बसला, छातीत भरून आलंय म्हणाला, आणि आम्ही रिक्षा आणेपर्यंत खेळ आटोपला होता. त्यानंतरचं वर्ष मी दाखले, बँका, गॅसची जोडणी, या खिडकीवरून त्या खिडकीवर, यातच काढलं. माणूस गेल्याचं दुःख करायलाही इथे रांगेत उभं राहावं लागतं. खरं सांगतो, नीट रडायलासुद्धा मला सवड झाली नाही.

भाऊ लग्नांचे व्हिडिओ काढायचा. वडील खानदेशातून सुरतेत आले ते लूम चालवायला. भाऊही आधी खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, काही वर्षं राबला. मग कुणाचा तरी जुना कॅमेरा हातात आला आणि तो त्यातच रमला. डिंडोली, उधना, बारडोली, कामरेज, जिथे आपल्या माणसांचं लग्न तिथे हा खांद्यावर कॅमेरा घेऊन हजर. दिवाळीनंतर जो घराबाहेर पडायचा तो पाऊस लागेपर्यंत नीट दिसायचा नाही. घरी यायचा, बॅगा टाकायचा, "पाणी" म्हणायचा आणि झोपायचा. घरातल्या माणसांशी त्याचं बोलणं पाणी, चहा आणि चार्जर कुठे आहे, एवढ्यावर आलं होतं. वहिनी चेष्टेनं म्हणायच्या, "आमच्याकडे टीव्ही जास्त बोलतो."

तर तो काळा डबा. गिऱ्हाइकाला द्यायचा व्हिडिओ कापून, सजवून, गाणी घालून द्यायचा, पण कच्चं शूटिंग भाऊ कधी पुसत नसे. लोकं मागाहून येतात, आमच्या आजी त्यात होत्या, बघा ना सापडतात का, म्हणतात, असं त्याचं म्हणणं. म्हणून त्यानं एका बंद पडलेल्या ऑफिसच्या भंगारातून जुनं सामान आणून हा डबा स्वतः जोडला होता. आत चार हार्ड डिस्का आणि त्या चौघींना एकत्र बांधणारं एक जुनं कार्ड. प्रत्येक व्हिडिओचे बारीक बारीक तुकडे व्हायचे आणि पत्ते वाटावेत तसे ते चारही डिस्कांवर वाटले जायचे. परत बघायचा असेल तर कार्डाला एवढंच माहीत पाहिजे की पहिली डिस्क कोणती, दुसरी कोणती. तेवढं विसरलं की चारही डिस्का शाबूत असून काही उपयोग नाही.

आणि ते कार्ड विसरायचं. त्याची बारकी बॅटरी कधीच मेली होती. लाइट जरा जास्त वेळ गेली की ते कोरं. भाऊ मग कपाळाला हात लावून बसायचा, शिव्या द्यायचा, आणि पहिली ही, दुसरी ही, असं त्याला पुन्हा सांगायचा. धूळ साफ करायला डिस्का सारख्या बाहेर काढाव्या लागत. खात्यांतल्या सुताचा तो उडता भुस्सा आमच्या गल्लीत कशातही शिरतो. म्हणून भावानं प्रत्येक डिस्कवर मार्करनं मोठा आकडा घातला होता. एक, दोन, तीन, चार. नवी बॅटरी का घालत नाहीस, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "सीझन संपू दे." आमच्या घरात सगळंच सीझन संपल्यावर व्हायचं होतं.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "हा चालू करून द्या. मला त्यांचा आवाज पाहिजे."

त्या सांगत गेल्या. भावाचा आवाज कुठेच नाही. फोन त्या दिवशीच्या धावपळीत कुठे पडला, कुणी उचलला, आजवर कळलेलं नाही. वहिनींच्या फोनवर त्याचा एकही बोललेला मेसेज नाही, कारण तो 'हो' आणि 'निघालो' एवढंच टाइप करायचा. फोटो आहेत मोजके, पण फोटो बोलत नाही. गिऱ्हाइकांना दिलेल्या व्हिडिओंत वरून गाणी. राहिलं ते कच्चं शूटिंग. त्यात कॅमेऱ्यामागून तो बोललेला असणार. वहिनी म्हणाल्या, "मला आता आठवायला गेलं तर चेहरा येतो, आवाज येत नाही. सुरुवातीला यायचा. आता नाही येत हो."

घरात आम्ही सगळे अहिराणीतच बोलतो, इथे मी ते माझ्या मास्तरी मराठीत लिहितोय. बघतो, म्हणालो.

वायर लावली, चालू केलं. डबा किंचाळायला लागला. पिंप, पिंप, पिंप. पडद्यावर इंग्रजीत पाटी आली, तिचा अर्थ एवढाच की मला कुठलीही मांडणी सापडत नाही, चार नव्या कोऱ्या डिस्का दिसताहेत, नव्यानं सुरुवात करू का? मी मनात म्हटलं, ठीक आहे, कार्ड विसरलंय, आकडे बघू आणि सांगू. भाऊ सांगायचा तसं. स्क्रू काढले, पत्रा उघडला, पहिली डिस्क ओढली.

तिच्यावर हळद-कुंकू होतं.

दुसरीवर हळद-कुंकू, तिसरीवर, चौथीवर. वाळलेली झेंडूची पाकळीसुद्धा एका खाचेत अडकलेली. आणि आकडे? आकड्यांचा मागमूस नाही. हळद-कुंकू सोडलं तर चारही डिस्का अशा लख्ख, की दुकानातून आजच आणल्यासारख्या.

"वहिनी, हे काय आहे?"

"दसऱ्याला पूजा केली ना."

आता हे खरं आहे की आमच्याकडे दसऱ्याला घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. वडील होते तेव्हा लूमचा धोटा, पाना, कात्री पाटावर मांडली जायची. पुढे भाऊ कॅमेरा, लेन्सा, ट्रायपॉड मांडायला लागला. या वर्षी तो नाही म्हणून वहिनींनी त्याची सगळी हत्यारं काढली, आणि डबा उघडून त्याच्या पोटातल्या डिस्काही काढल्या. पूजेला मळकं कसं ठेवायचं? म्हणून ओल्या फडक्यानं पुसल्या. शाई जाईना म्हणून थोडा थिनर लावला, नखानं खरवडलं. मग हळद-कुंकू वाहिलं, फुलं ठेवली, ओवाळलं, आणि परत जागच्या जागी ठेवल्या. त्यांच्या मते जागच्या जागी.

माझा पारा चढला. मी काय काय बोललो ते लिहायला लाज वाटते, पण बोललो. "देवाची भांडी आहेत का ही? कुणी सांगितलं होतं उघडायला? एवढी एकच गोष्ट राहिली होती त्याची, ती पण घासून टाकलीत!" बायको स्वयंपाकघरातून "अहो, अहो" करत धावत आली. वहिनी उभ्याच होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे पुसलं गेलं का सगळं?"

"पुसलं गेलं नाही," मी म्हणालो, "पण सापडेल असंही नाही."

त्या वर निघून गेल्या. बायकोनं मला जे ऐकवलं त्याचा सारांश असा, की जिचा नवरा गेला तिनं प्रेमानं पूजा केली आणि ज्याचा मिक्सर बंद आहे तो तिला शिकवतो. जेवणाच्या वेळी वरून ताट तसंच परत आलं.

दुसऱ्या दिवशी डबा स्कूटरवर पायांमध्ये ठेवून मी रिंग रोडकडच्या एका दुकानात गेलो. दुकानदार डेटा काढून देण्यात मोठा वस्ताद, असं ऐकलं होतं. त्यानं पत्रा उघडला, कुंकू बघून हसला, आणि एका हातानं फोनवर बोलत दुसऱ्या हातानं कीबोर्डवर बोटं फिरवायला लागला. "मास्तर, टेन्शन ना लो. नवुं कन्फिगरेशन बनावी दऊं, पछी इनिशियलाइझ करी दऊं. बधुं आवी जशे." नवी मांडणी करतो, तिला श्रीगणेशा करायला सांगतो, सगळं परत येईल. पडद्यावर पाटी आली, हो की नाही विचारणारी. तिच्याखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. मास्तरकीमुळे बारीक अक्षरं वाचायची मला खोड आहे. चारही डिस्कांवरचा मजकूर नष्ट होईल, असं लिहिलं होतं.

मी त्याचा हात धरला. अक्षरशः धरला. "शेठ, थांबा!"

"काय झालं?"

"कोरं करताय तुम्ही सगळं!"

त्यानं चष्मा लावून ओळ वाचली. "हां, एम तो छे," म्हणाला. हो, तसं आहे खरं. एवढ्या शांतपणे म्हणाला की मला हसावं की त्याचा गळा धरावा ते कळेना. आंधळ्याच्या गाई देव राखतो, दुसरं काय? मी डबा उचलला आणि तसाच माघारी आलो. वाटेत उधना दरवाज्याच्या ट्रॅफिकमध्ये उभा असताना मी डबा दोन्ही पायांनी घट्ट दाबून धरला होता. बटण दाबलं गेलं असतं तर मी वहिनींना काय सांगितलं असतं?

मग दिवाळीची सुट्टी लागली. लोकांच्या घरी चकल्या चालू, आमच्या घरी हे. तसंही पहिली दिवाळी भावाशिवाय, फराळ करायचा की नाही यावर बायको आणि वहिनी जिन्यात उभ्या राहून हळू आवाजात बोलायच्या आणि तोच विषय अर्धवट सोडून परत आपापल्या कामाला लागायच्या. मी आपला दुपारभर पंख्याखाली बसून इंटरनेटवर वाचत होतो. जगात या विषयावर शहाणे काही कमी नाहीत. कुणी विचारलंय, माझी मांडणी हरवली, काय करू? खाली उत्तर, बॅकअपमधून परत घ्या. अहो, बॅकअप असता तर मी इथे काय भजन ऐकायला आलोय? दुसरा म्हणतो, असलं जुनं कार्ड वापरायलाच नको होतं. हा त्याहून मोठा उंटावरचा शहाणा. मेलेल्या माणसाला सल्ला देतो.

त्या सगळ्या गाळातून एक कामाची गोष्ट हाती लागली. मूळ डिस्कांना हात लावू नका. आधी चौघींची जशीच्या तशी नक्कल काढा आणि जे काही प्रयोग करायचे ते नकलेवर करा. कार्ड बाजूला ठेवा, पहिली-दुसरी कोणती ते कॉम्प्युटरलाच सांगा आणि बघा जुळतं का. मी मोठी डिस्क विकत आणली, शाळेतला कॉम्प्युटर मुख्याध्यापकांना विचारून घरी आणला आणि वरच्या खाचेपासून ओळीनं नकला काढायला लावल्या. एकेका नकलेला दिवस दिवस लागायचा. खोलीत कुणी पंख्याचं बटण दाबायला आलं तरी मी ओरडायचो. घरात माझ्याशी कुणी बोलेनासं झालं. बरंच झालं म्हणा, शांतता मिळाली.

नकला झाल्या आणि खरा छळ सुरू झाला. चार डिस्का म्हणजे मांडण्याच्या चोवीस तऱ्हा, हे मी दरवर्षी मुलांना शिकवतो. फळ्यावर ते किती सोपं दिसतं! त्यात भावानं तुकडे केवढे पाडायला सांगितले होते तेही माहीत नाही, म्हणजे प्रत्येक तऱ्हेच्या आणखी चार-पाच तऱ्हा. एकेक लावून बघायची. आणि गंमत अशी की चुकीची तऱ्हासुद्धा थोडीशी बरोबर दिसायची. फोल्डरांची नावं दिसायची. भावानं दिलेली नावं, 'बारडोली हळद', 'उधना वरात', 'कामरेज पार्टी प्लॉट'. नाव दिसलं की मी खुर्चीत सरसावून बसायचो. फाईल उघडली की हिरवे-जांभळे चौकोन. नवरीचा एक कान, नाक आणि बाकी चौकोन. मग पुन्हा पहिल्यापासून. मी कुठली तऱ्हा बघितली आणि कुठली राहिली, याचाच मला घोळ व्हायला लागला. डोळ्यांत खडे रुतल्यासारखे झाले. एकदा तर डोकं टेबलावर ठेवून मी मोठ्यानं म्हणालो, "मरू दे!" आणि वर वहिनींच्या चालण्याचा आवाज थांबला. ऐकलं त्यांनी.

थोड्या वेळानं त्या खाली आल्या. भांडण झाल्यापासून पहिल्यांदाच. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊजी, मी पूजा कशी केली ते सांगू का? काही उपयोग होईल का त्याचा?"

सुचलंच नव्हतं मला! इतके दिवस जगभरच्या लोकांना विचारत बसलो आणि जिनं केलं तिला विचारलं नाही. कारण रागावलो होतो ना मी.

बायकोनं पाट आणला आणि डिस्कांच्या जागी चार ताटल्या दिल्या. वहिनी पाटापुढे बसल्या. म्हणाल्या, "आकडे होते तेव्हा, मी पुसायच्या आधी. म्हणून एक, दोन, तीन, चार अशा ओळीनं मांडल्या. डावीकडून उजवीकडे. मग पुसल्या." म्हणजे पाटावर क्रम बरोबर होता. मला एकदम जाग आली. "मग परत ठेवताना?"

"उजव्या हातानं उजवीकडची उचलली. वरच्या खाचेत. मग तिच्या शेजारची, तिच्या खाली."

म्हणजे चार, मग तीन. पुढे दोन आणि एक असणार, सरळ उलटा क्रम. पण तो क्रम तर मी केव्हाच लावून बघितला होता. चौकोन आले होते. मी हताश होऊन मान हलवली.

"थांबा ना," वहिनी म्हणाल्या, "मध्ये शेजारच्या बाई सोनं द्यायला आल्या." सोनं म्हणजे आपट्याची पानं, दसऱ्याला घरोघर देतात ती. "मी उठले, त्यांना सोनं दिलं, घेतलं, त्यांनी यांचा विषय काढला, मग..." रडणं झालं असणार तेव्हा दोघींचं. "मग त्या गेल्यावर मी परत बसले. पण दारातून आले ना, म्हणून पलीकडच्या बाजूला बसले, अशी." आणि त्या उठून पाटाच्या दुसऱ्या अंगाला बसल्या.

पलीकडून बघितलं की उजव्या हाताला येते ती पहिली. मी ओरडलोच, "आता उचला!" वहिनींनी उजव्या हातानं उजवीकडची ताटली उचलली. एक. मग दुसरी. वरून खाली चार, तीन, एक, दोन.

ते मी कॉम्प्युटरला सांगितलं. तुकड्याची मापं बदलत गेलो, पहिलं नाही, दुसरं नाही, तिसऱ्या मापाला 'बारडोली हळद' उघडलं आणि नवरी आख्खी दिसली. हळदीनं माखलेली, हसणारी, कान, नाक, बांगड्या, मागे उभी असलेली सगळी भावकी, सगळं सगळं जागच्या जागी. मी तोंडावर हात ठेवून बसलो. बायको म्हणाली, "बाई गं!" वहिनी पाटापुढून उठल्या नव्हत्या. त्यांना पडदा दिसत नव्हता. त्यांना फक्त ऐकू आलं.

"नवरीबाई, इकडे बघा. अशा छान! आजी, तुम्ही पुढे या, तुमच्याशिवाय शोभा नाही. मामा, हसा की, तुमचीच भाची आहे ना?"

भाऊ. तोच. मी आवाज वाढवला. दुसरी फाईल लावली, तिसरी लावली. सगळीकडे भाऊ. गुजरात्यांशी गुजरातीत, भैय्यांशी हिंदीत, आपल्या म्हाताऱ्यांशी अहिराणीत. एका रडणाऱ्या करवलीला त्यानं इतकं समजावलं, इतकं मायेनं समजावलं की ती शेवटी खुदकन हसली. त्याला इतकं बोलता येतं हे मला माहीतच नव्हतं. मी खुशीत वहिनींकडे वळलो.

त्या रडत नव्हत्या. त्यांचा चेहरा कसा तरी झाला होता.

"हे इतकं गोड बोलायचे बाहेर?" त्या म्हणाल्या.

कॅमेऱ्यामागून भाऊ कुणाच्या तरी सुनेला म्हणत होता, "वहिनी, पदर जरा नीट घ्या, फार सुंदर दिसताय."

"बंद करा, भाऊजी." त्या उठल्या. "लोकांच्या बायका हसवत फिरले जन्मभर. मला हे नको. हा आवाज माझ्या ओळखीचा नाही." आणि त्या वर गेल्या. जिन्यात त्यांना मध्येच थांबावं लागलं, ते ऐकू आलं.

मला राग आला का? आला. एवढी मरमर केल्यावर माणसाला जरा तरी बरं वाटावं. पण राग फार वेळ धरवेना. अंगात तेवढी ताकदही नव्हती. वहिनींचं काय चुकलं? भावानं आपला सगळा गोडवा दिवसभर मांडवात वाटला आणि घरी आला तेव्हा त्याच्याकडे 'पाणी' एवढाच शब्द उरायचा. मीही तेच करतो. वर्गात मी विनोद करतो म्हणे. मुलं सांगतात.

पुढचे कितीतरी दिवस शाळेतून आलो की मी ते फुटेज चाळत बसायचो. का, ते सांगता येत नाही. भाऊ ऐकायला मिळत होता म्हणूनही असेल. लोकांच्या हळदी, लोकांच्या वराती, डीजेचा धिंगाणा, अक्षता, पंगती. कंटाळा कंटाळा आला लग्नांचा. भाऊ हे सगळं वर्षानुवर्षं उभ्यानं बघत होता, या विचारानंच माझी कंबर दुखायला लागायची.

मग एका दुपारी, कामरेजच्या कुठल्याशा पार्टी प्लॉटच्या, म्हणजे लग्नाच्या मैदानाच्या, फोल्डरात, एक विचित्र फाईल लागली. कॅमेरा ट्रायपॉडवर चालूच राहून गेलेला. समोर रिकाम्या खुर्च्या, एक माणूस मांडवाचं कापड सोडतोय. कुणी दिसत नाही. मी पुढे ढकलणार इतक्यात जवळून खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि कुणीतरी "आई गं" म्हणत धपकन बसलं.

थोडं ऐकलं आणि थांबवलं. मग जिन्यात जाऊन हाक मारली, "वहिनी, एकदा खाली या. एकदाच या. पुन्हा बोलवणार नाही."

त्या आल्या, पण बसल्या नाहीत. दाराला टेकून उभ्या राहिल्या, लगेच परत जाणाऱ्या माणसासारख्या. मी फाईल सुरुवातीपासून लावली. रिकाम्या खुर्च्या. कापड सोडणारा माणूस. धपकन बसल्याचा आवाज. मग भाऊ बोलला, सोबतच्या पोऱ्याशी असणार. आवाज ओढलेला, बसका, कुणालाही खूश न करणारा.

"पाय पार दुखी राहिनात रे. गाडी उनी का? नही? मरू दे, बठ." पाय पार दुखताहेत, गाडी आली नसेल तर बस, म्हणत होता. मग बराच वेळ नुसता श्वास. बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज. पाणी पिण्याचा. आणि मग, अर्धा हसत, अर्धा कुरकुरत, "आते घर गऊ का ती इचारी, डबा काबर नही खादा."

घरी गेलो की ती विचारेल, डबा का नाही खाल्ला.

वहिनी दारातून आत आल्या. टेबलापर्यंत आल्या, पडद्यापुढे उभ्या राहिल्या. तिथे रिकाम्या खुर्च्यांशिवाय काही नव्हतं. त्या खुर्च्यांकडे बघत, रोजच्या त्राग्याच्या आवाजात त्यांनी विचारलं,

"मंग काबर नही खादा?"

पलीकडे भाऊ नुसता श्वास घेत होता. वहिनी उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या.